आठवड्याचा मानकरी

"अहो, अहो... टेकू नका!"

तो ओरडेपर्यंत उशीर झाला होता. लहान मुलांच्या दवाखान्याच्या बांधकामाची सूत्रं हाती घ्यायला आलेल्या नव्या मॅनेजरबाईंच्या पाठीवर पिवळाधमक पट्टा उमटला होता. रंगाऱ्यांचा मुकादम शिडीवरून खाली आला. आता हा हसणार, असं तिला वाटलं... पण त्यानं निमूटपणे चिंधी पुढे केली. हसले ते फक्त डोळे. झालं! बाईसाहेबांचा तिथंच निकाल लागला.

काम मात्र रखडलेलं होतं. सुतार आणि रंगारी म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. आधी दार बसवायचं की आधी रंग द्यायचा, यावर रोज जुंपायची. माणसांना हुरूप यावा म्हणून तिनं प्रशिक्षणात शिकलेली युक्ती काढली. जेवणाच्या खोलीत फळा लावला आणि दर सोमवारी त्यावर 'आठवड्याचा मानकरी' म्हणून एकाचा फोटो. पहिल्या सोमवारी मुकादमाचा. पुढच्या सोमवारी... मुकादमाचाच. त्याच्या पुढच्याही! आणि शपथेवर सांगते, आपण अगदी निःपक्षपाती आहोत असंच तिला वाटत होतं. प्रेमात पडलेल्या माणसाला तसंच वाटतं हो.

सुतारांनी रंधे खाली ठेवले. दुपारी मुकादम तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"फोटो काढा, मॅडम. नाहीतर मी दुसरीकडे काम बघतो."

"अहो, पण तुम्ही चांगलं काम करता म्हणून—"

"माझ्या माणसांना टोमणे ऐकावे लागतात. असली शाबासकी नको मला."

काम अडेल ही भीती होतीच, पण हा निघून गेला तर? तिनं तडक जाऊन फळा उतरवला आणि सुतारांतल्या सगळ्यांत वयस्कर काकांच्या शेजारी फळकुटावर बसली.

"चुकलंच माझं, काका. तुमचाही फोटो लावायला हवा होता."

"फोटो काय करायचाय, पोरी? या थोबाडाला घरी बायको कंटाळलीय!" काका म्हणाले. "आतल्या खोल्यांत उजेड नाही, तो दे. आणि दारांचं काय ते सगळ्यांना समोर बसवून ठरव. तू मुकादमाला एकट्याला विचारतेस, आम्हाला नुसतं सांगतेस."

संध्याकाळच्या आत दिवे आले. दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र बसले, कडाकडा भांडले आणि दारं बाहेरच रंगवून मग बसवायची असं ठरलं. इतकं सोपं! त्यानंतर काम असं सुटलं की विचारू नका. मुकादम मात्र तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

काम पुरं करून दवाखाना सोपवायच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. तो नळावर ब्रश धूत होता.

"अजून राग आहे?" तिनं विचारलं.

"राग होताच कुठे?" तो ब्रशकडेच बघत म्हणाला. "सगळे म्हणायचे, बाईंचा जीव जडलाय तुझ्यावर. म्हटलं, खरं असेल तर फळ्यावरून कशाला कळायला हवं? आणि खोटं असेल तर... रोज तो फोटो बघून मी उगाच झुरत बसायचो."

"मग... झुरलात?"

"तुम्ही खाली उभ्या असलात की शिडीवर पाय लटपटायचे माझे. आता यापुढचं तुम्हीच समजून घ्या."

हुश्श! तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"खोटं नव्हतं ते," ती म्हणाली. "फक्त मलाच सगळ्यांच्या शेवटी कळलं. आणि आता ते मॅडम-बिडम पुरे. 'तू' म्हण."

तो कानापर्यंत लाल झाला. ब्रश खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"तू..." तो अडखळला, "तू जेवलीस का?"

सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आता मात्र तिला सपाटून भूक लागली.