बाजूच्या खाटेवरचे ठोके

पटो न पटो, हे घडलंय. माझी बकुळामावशी देवधर्मालाही फारशी मानत नाही. उगाच काहीबाही सांगणारी ती बाई नव्हे.

साल १९८९. बदलापूरला, मांजर्लीच्या वाटेवर चार खाटांचं एक खाजगी हॉस्पिटल होतं. मावशी तिथे नर्स.

दुपारचे साडेतीन. वॉर्डात एकही पेशंट नव्हता.

रिक्षातून विष्णुपंतांना आणलं. पांढरेफटक, घामाने निथळत होते. त्यांची बायको सुनंदाबाई म्हणाली, "सिस्टर, बीपीच्या गोळ्या... घेतल्याचं विसरले आणि परत परत घेतल्या. सकाळी अख्खं पाकीट होतं हो!"

पाकीट रिकामं होतं.

डॉक्टर हेमचंद्र धावत आले. पाय उंच राहावेत म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या. दोन्ही हातांना सलाइन. एक इंजेक्शन नाडीसाठी, मग कॅल्शियम, हळूहळू शिरेतून.

"बकुळा, बीपी बघ!"

मावशीने दंडाला पट्टा आवळला. स्टेथोस्कोप कानाला लावला. पारा उतरू लागला... सत्तर... साठ... पन्नास...

काहीच नाही.

आणि मग ठोके आले. स्पष्ट. धक्... धक्...

तिने मनगट चाचपलं. नाडी लागत नव्हती.

तिने स्टेथोस्कोप दंडावरून उचलला.

ठोके चालूच होते...

स्टेथोस्कोप धरलेला हात बाजूच्या रिकाम्या खाटेकडे गेला की आवाज वाढायचा. तिथली चादर मधोमध दबलेली होती. सकाळी मावशीनेच ती ताणून घातली होती.

"किती आहे?" डॉक्टर ओरडले.

"लागत नाही, सर!"

"डोपामिन लाव, बीपी वर यायला हवं. थेंब वाढव!"

तिने हात चालू ठेवले. तासाभराने विष्णुपंतांची नाडी बोटांना लागली. बीपी सत्तर. मग नव्वद.

ते दुसरे ठोके मात्र मंदावत गेले...

विष्णुपंतांनी डोळे उघडले, आणि ते ठोके थांबले.

दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांनी विचारलं, "सिस्टर, बाजूची पोरगी घरी गेली का हो? सारखी विचारत होती... काका, माझं एवढं पुरेल ना?"

मावशीने जुनी सगळी रजिस्टरं चाळली. अशा कुठल्याच पोरीची नोंद सापडली नाही.

विष्णुपंत पुढे अकरा वर्षं जगले. दर दिवाळीला फराळ घेऊन यायचे. मावशी डबा घ्यायची, पण त्यातलं काही खायची नाही.

अजूनही मध्येच म्हणते, "ते वाचले, चांगलंच झालं रे. पण ठोके तिचेही पडत होते... मी तिच्याकडे वळलेच नाही."