वाट समुद्राकडून

दूर दक्षिणेकडच्या एका बेटावर, कास्त्रो गावाच्या बंदरावर, जाळी विणणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर यास्ना ओयार्सोचं ऑफिस होतं. एक टेबल, एक लाकडांची शेगडी आणि पाठ दुखवणारी एक खुर्ची. बेटावरच्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट ती सांभाळायची. कुणी लोकरीचे मोजे विकायचं, कुणी शिंपल्यांची खानावळ चालवायचं. लोकांनी सर्चमध्ये काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर दिसावं, हे तिचं काम. बारा वर्षं ती ते करत होती.

"यात जादू काही नाही," असं ती प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायची. "वाचण्यासारखा मजकूर लिहायचा आणि चार चांगल्या ठिकाणांनी आपली लिंक द्यावी म्हणून त्यांच्या मागे लागायचं."

एलिसेओ चिगुआय यांनाही तिने हेच सांगितलं होतं. म्हातारा त्र्याहत्तर वर्षांचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. बेटावरच्याच काउकेल गावाच्या किनाऱ्यावर, अगदी वाळू संपते तिथे, त्यांचं लाकडी घर होतं आणि त्यातल्या तीन खोल्या ते पाहुण्यांना द्यायचे. पण पाहुणेच येत नव्हते. समुद्रापलीकडे पुएर्तो माँत शहरात राहणारी मुलगी म्हणत होती, घर विका आणि माझ्याकडे या. फेब्रुवारी संपेपर्यंत खोल्या भरल्या नाहीत तर जायचं, असं बापलेकीत ठरलं होतं.

"तिच्या फ्लॅटमध्ये चूलसुद्धा नाही," एलिसेओकाका म्हणाले होते. "तिथे मी दिवसभर काय करू, पोरी? लिफ्टमधून वरखाली?"

यास्ना कामाला लागली. काउकेलला बस कुठून मिळते, काळ्या मानेचे हंस कधी दिसतात, काकांच्या हातचे बटाट्याचे मिल्काओ कसे असतात, यावर तिने एकेक पान लिहिलं. फेरीबोटीच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या, चर्चच्या पाद्र्याला गळ घातली, कयाक क्लबच्या पोरांना केक खिलवला, आणि तिघांकडूनही लिंक मिळवली. ‘काउकेलमध्ये राहायची सोय’ असं शोधलं की काकांचं घर आधी अडतिसावं यायचं. ते अकरावं झालं, मग चौथं, मग दुसरं.

आणि तिथेच अडकलं.

पहिल्या नंबरावर एक पान होतं. पांढरं, फोटो नाही, फोन नाही.

‘एर्मिंदाचं घर. काउकेल. खाटा घातलेल्या आहेत. चूल पेटलेली आहे. वाट समुद्राकडून.’

खाली निरोप लिहायला एक चौकोन. बस्स.

कोण कुणाची लिंक देतं हे दाखवणारं यंत्र यास्नाकडे होतं. या पानापुढे ते शून्य दाखवत होतं. जगातलं कुणीही या पानाकडे बोट दाखवत नव्हतं. नोंदणीत मालकाचं नाव कोरं होतं. असं पान सर्चच्या विसाव्या पानावर धूळ खात पडायला हवं, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तिने सर्चवाल्यांकडे तक्रार केली. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा केली. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे,’ असं आलं. तिने टेबलाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

मग तिने मिल्काओचं पान नव्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पानावर एक वाक्य वाढलं होतं. ‘मिल्काओ गरम आहेत.’

"चोर कुठला!" ती एकटीच ओरडली.

तिने हंसांचं पान वाढवलं. तिकडे आलं, ‘हंस दाराशी येतात.’ हे कास्त्रोतल्या एखाद्या हॉटेलवाल्याचे चाळे आहेत, याबद्दल तिची खात्री होती. त्याला पकडायचं म्हणून तिने काकांच्या बायकोने शिवलेल्या गोधड्यांवर एक परिच्छेद लिहिला, आणि तो कुठेही न टाकता आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवून दिला.

सकाळी पांढऱ्या पानावर होतं, ‘गोधड्या वाळत घातल्या आहेत. वाळत नाहीत.’

तिने कॉम्प्युटर पुसून काढला, पासवर्ड बदलले, आणि मग काकांना फोन केला.

"काका, तुमच्या शेजारी एर्मिंदा नावाची कुणी बाई खोल्या देते का?"

पलीकडे काकांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"कुणी सांगितलं तुला?"

"वेबसाइट आहे तिची. आपल्या वर बसलीय."

"तिचं घर कुंपणापलीकडे होतं," काका म्हणाले. "मी एकोणीस वर्षांचा होतो. तिला पलीकडच्या बेटावर घर न्यायचं होतं, भावाच्या जमिनीवर. मग घर हलवायची मिंगा केली. अख्खा गाव जमला. बैल लावून घर किनाऱ्यावर ओढलं, खाली पिंपं बांधली, भरतीला पाण्यात सोडलं, आणि पुढे होड्या. सगळे बाहेर आले, ती बाई आली नाही. म्हणाली, माझं घर आहे, मी त्यातूनच जाणार. चहा टाकते तुमच्यासाठी, म्हणाली. चुलीचा धूर निघत होता घरातून, तरंगताना."

"मग?"

"मधोमध प्रवाह फिरला. घर बसायला लागलं. होड्या ओढल्या जायला लागल्या. मग दोर कापला."

"कुणी?"

"तू तुझं काम कर, पोरी. कुणीतरी गावातलाच वात्रटपणा करतोय."

यास्नाने त्यावर विश्वास ठेवला, कारण तिला तोच परवडत होता. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उजाडला. मुलीने सामान हलवायची गाडी ठरवली होती. यास्नाने सोळा नवी पानं लिहिली, चार नव्या लिंका मिळवल्या, आणि काकांचं घर दुसरंच राहिलं. तिच्या कामात एक जुना रिवाज होता: ज्याला मागे टाकता येत नाही त्याच्याकडेच लिंक मागायची. मंगळवारी दुपारी वैतागून तिने तो पांढरा चौकोन उघडला आणि लिहिलं:

‘बाई, तुमच्याकडे जागा नसेल तेव्हा माणसं शेजारी पाठवा. एलिसेओ चिगुआय यांच्याकडे तीन खोल्या आहेत.’ खाली काकांच्या वेबसाइटचा पत्ता.

बुधवारी सकाळी पांढऱ्या पानाच्या तळाशी काकांची लिंक होती. काकांचं घर पहिलं आलं होतं.

नऊ वाजता काकांचा फोन. आवाज वीस वर्षांनी तरुण झालेला.

"आले! पाच जण आलेत! एक म्हातारी, दोन पुरुष, एक नवराबायको. तू चेटकीण आहेस, यास्ना!"

ती खुर्चीत मागे रेलून हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. "गाडीने आले?"

"गाडी दिसली नाही. मी लाकडं फोडत होतो, मागे वळलो तर अंगणात उभे. फार सभ्य माणसं. बोलत नाहीत फारसं."

पाहुणे कुठून आले हे बघायला तिने काकांच्या वेबसाइटचे आकडे उघडले. मंगळवारपासून ती वेबसाइट एकाही माणसाने उघडली नव्हती.

गुरुवारी तिने काउकेलची बस पकडली. दुपारचे बारा वाजले होते, ऊन स्वच्छ पडलं होतं, ओहोटी होती. रस्ता कोरडा. काकांच्या फाटकाजवळच्या धुळीत कुणाचंही पाऊल नव्हतं. ती घराला वळसा घालून मागे गेली. ओल्या वाळूत पावलं होती, पाण्यातून घराकडे आलेली. परत जाणारी नव्हती.

स्वयंपाकघरात काका मोठ्या पातेल्यापाशी उभे होते. टेबलाभोवती पाच माणसं बसली होती, हात मांडीवर ठेवून. कपडे कोरडे होते. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला होता. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बस, बस," काका म्हणाले. "चहा घे."

"काका, जरा बाहेर येता?"

"घरात पाहुणे असताना?"

"दोन मिनिटं."

"काय हा उद्धटपणा, पोरी!" ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि पाहुण्यांकडे बघून ओशाळं हसले.

यास्ना बसली. जमीन पक्की होती. खिडकीतलं कुंपण जागच्या जागी होतं. तिने आपल्या कपाकडे पाहिलं.

चहा एका बाजूला कलत होता.

कप सरळ होता. चहा डावीकडच्या काठाला लागला, थांबला, आणि सावकाश उजवीकडे गेला. तिने टेबलावर नजर फिरवली. सहाच्या सहा कपांमध्ये चहा एकदम डावीकडे गेला. एकदम उजवीकडे आला.

म्हाताऱ्या बाईने आपला कप सांडू नये म्हणून सवयीने त्यावर तळवा धरला.

यास्ना उठली. काकांचा दंड धरून तिने ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला. तिने पुन्हा ओढलं.

"मला नको नेऊस," ते म्हणाले. "सगळ्यांनाच मला न्यायचंय."

ती रस्त्यापर्यंत पळाली. बसथांब्यावर उभं राहूनच तिने फोनवरून काकांची वेबसाइट बंद केली: सगळी पानं, हंस, मिल्काओ, गोधड्या. मग तो पांढरा चौकोन उघडून लिहिलं, ‘लिंक काढा. कृपा करून काढा.’ आणि काकांच्या मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, मी उद्या पहिल्या फेरीबोटीने निघते.

शुक्रवारी सकाळी मुलगी काउकेलला पोचली. घर जागेवर होतं, दार उघडं, चूल विझलेली, खाटा कोरड्या. काका नव्हते. तिने रडत यास्नाला ते सांगितलं. तो फोन ठेवते न ठेवते तोच यास्नाचा फोन पुन्हा वाजला. पडद्यावर एलिसेओकाकांचं नाव होतं.

"काका! कुठे आहात? तुमची लेक आलीय, शोधतेय तुम्हाला!"

"इथेच आहे, शेजारी. पाहुण्यांना पोचवायला आलो होतो, तर एर्मिंदा म्हणाली बसा." त्यांचा आवाज जवळचा होता, स्वच्छ. "सांग लेकीला, काळजी करू नकोस. इथे चूल आहे."

"काका, ताबडतोब बाहेर या."

"मला वाटलं होतं ती मला बोल लावेल," काका म्हणाले. "पन्नास वर्षं मी घाबरत होतो. पण तिने दोराबद्दल एक शब्द काढला नाही, पोरी. एक शब्द नाही. थांब हं, चहा ओततेय ती."

यास्नाने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे कपात चहा ओतला जात होता. तो आवाज ती ऐकत राहिली. कप केव्हाच भरायला हवा होता, आणि ओतणं चालूच होतं.