चूक नसलेला अर्ज

“जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. शेवटची ओळ बारीक अक्षरात असते, आणि तुला नेमकं तिथेच बाहेर काढलेलं असतं.”

बाईंचं हे सांगणं तिच्या कानात असं मुरलं होतं की ती स्वप्नातसुद्धा बारीक अक्षरं शोधायची. बाई म्हणजे तिच्या गाइड. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या घरीच असत, आणि घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून.

बाईंचं काही चुकतही नव्हतं. एक फेलोशिप सापडली, ती तिशीच्या आतल्यांसाठी. हिने नुकतीच तिशी ओलांडलेली. दुसरी नोकरीतून रजा घेऊन संशोधन करणाऱ्यांसाठी. आता नोकरी असती तर रजा घेतली नसती का? तिसरी होती अभ्यासात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी. हिचा खंड पडायला ही कधी थांबलीच नव्हती. चौथीत सगळं सगळं जुळलं. ती हरखून खाली खाली वाचत गेली, आणि तळाशी लिहिलेलं होतं : विषय पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरता मर्यादित.

हिचा विषय गोगलगायी.

बागेतली गोगलगाय उचलून कुंपणापलीकडे टाकली तर ती परत आपल्याच वाफ्यात येते. कशी येते, वाट कशी ओळखते, किती लांबून येऊ शकते, एवढंच तिला शोधायचं होतं. विभागात सगळे तिला ‘गोगल’ म्हणत, आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. हरितगृहामागच्या दमट खोलीत तिच्या गोगलगायींच्या पेट्या होत्या. सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडल्याशिवाय स्वतः चहाचा घोट घ्यायचा नाही, हा तिचा नेम. ताप असो, परीक्षा असो, नेम म्हणजे नेम.

पण जुनी फेलोशिप संपली होती. विभागप्रमुखांनी गोड शब्दांत सांगितलं होतं, की नवं अनुदान आलं तर खोली तुमची, नाहीतर पुढच्या सत्रापासून ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. गावाहून दादाचा फोन यायचा. त्याच्या मित्राच्या शिकवणी-वर्गात ऑफिस सांभाळायला माणूस हवं होतं. पुरे झालं आता, सामान बांध आणि ये, असं दादा म्हणायचा. पेट्यांचं काय करायचं ते मात्र तो सांगत नसे.

आणि मग एके दिवशी सापडली. एका लहानशा विश्वस्त संस्थेची, ‘उपेक्षित जीवांच्या अभ्यासासाठी’, तीन वर्षांची. शेवटची ओळ तिने बोट ठेवून वाचली. अर्ज विद्यापीठाच्या संशोधन कक्षाकडून तपासून यावा, एवढंच होतं.

एवढंच ना… असं तिला वाटलं. भोळी बिचारी.

संशोधन कक्षात खिडकीजवळच्या टेबलाशी एक तरुण बसायचा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस पावसात भिजून वाळल्यासारखे. त्याच्या हाताखालून गेलेला अर्ज पहिल्या फेरीत कधी सुटला नव्हता. प्रत्येकावर एकच शेरा : ‘त्रुटी आढळली’. संशोधक मुलं त्याला त्रुटीसाहेब म्हणत, आणि तेही त्याच्या तोंडावर.

तिचा अर्ज परत आला तेव्हा ती बागेतूनच तडक निघाली. चिखलाच्या चपला, हातात मिटलेली छत्री, खांद्याला ओली पिशवी. कसली त्रुटी, कुठली त्रुटी, माणसाने समजायचं तरी काय, असं ती एका दमात बोलली. तो ऐकत होता, पण बघत मात्र होता टेबलाकडे.

“ही तुमची का?”

पिशवीतून निघालेली एक गोगलगाय त्याच्या शिक्क्याकडे चालली होती. तिच्या शंखावर लालचुटूक ठिपका.

“हो… सॉरी. खूण आहे ती. नेलपॉलिशची.”

“अच्छा.” त्याने अर्जाचं पान उलटलं. “म्हणजे ‘नेलपॉलिश, बारा बाटल्या’ ते हे. मला वाटलं, अर्जदार जरा जास्तच हौशी दिसतायत.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सौंदर्यप्रसाधनं अनुदानात बसत नाहीत, ‘खुणेचा रंग’ असं लिहा, असं त्याने सांगितलं. मग हे शेऱ्यातच लिहायला काय झालं होतं, असं तिने विचारलं. शेऱ्याच्या चौकटीत दोनच शब्द मावतात, असं तो म्हणाला. आणि ते खरंच होतं, चौकट त्याने वळवून दाखवली.

मग त्याने डबा उघडून काकडीची एक चकती काढली आणि गोगलगायीच्या वाटेत ठेवली. ती चकतीवर चढेपर्यंत तो शिक्का हातात धरून थांबला. मागे रांग चुळबुळत होती. त्याला घाई नव्हती. गोगलगायीसाठी थांबणारा माणूस तिने आजवर एकच पाहिला होता, आणि तो आरशात.

पण म्हणून त्याने अर्ज सोडला असेल तर शपथ. दुसऱ्यांदा शीर्षक लांब होतं. तिसऱ्यांदा बाईंची सही चौकटीबाहेर गेली होती. आणि एक अक्षर बदललं की सगळी पानं नव्याने छापायची, प्रत्येक पानावर बाईंची सही नव्याने घ्यायची. दोन बस जाताना, दोन येताना. बाई उशीला टेकून सह्या करत आणि चष्म्यावरून बघत.

“हा पोरगा कामाला चोख आहे, की तुझ्यावर डोळा ठेवून आहे?”

“बाई, काहीतरीच काय.”

“मग तू केस का विंचरून जातेस तिथे?”

यावर तिने गुपचूप पानं गोळा केली. खरं म्हणजे तिला त्याचा रागच यायचा. बसमध्ये ती त्याला मनातल्या मनात फाडून खायची, आणि टेबलाशी पोचली की तो विचारायचा, आज किती परतल्या? कुंपणापलीकडून किती गोगलगायी घरी आल्या, हे विभागातही कुणी तिला विचारत नसे. मग ती सांगत बसायची. एक आलीच नाही म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याआधी तोच विचारायचा, की आली का हो ती कालची?

चौथ्यांदा अर्ज परत आला तो समासासाठी. डावीकडचा समास कमी आहे म्हणे. तिने पट्टी लावून पाहिला, तिला तर बरोबर वाटला. पण त्रुटीसाहेबांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुन्हा छपाई, पुन्हा दोन बस. त्या दिवशी बसमधून उतरताना पायरीवरून पाय सटकला आणि मनगट मुरगळलं. पट्टी बांधलेल्या हाताने तिने अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्याने पट्टीकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि अर्ज ठेवून घेतला. ‘आज किती परतल्या’ हेसुद्धा विचारलं नाही.

मुदत संपायला आठवडा उरला होता. ती चौकशीला गेली, तर तिचा अर्ज पलीकडच्या मोठ्या मॅडमच्या टेबलावर. मोठ्या मॅडम कक्षाच्या प्रमुख. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तुझा अर्ज त्याने सोडला. मी तपासणार नाही असं लेखी दिलंय त्याने. आता मला पहिल्या पानापासून बघावं लागेल.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. इतके दिवस नाचवलं, आणि ऐन वेळी हात झटकले? कंटाळला असेल. गोगलगायींच्या गोष्टी ऐकून ऐकून विटला असेल. आणि आपण वेड्यासारखे केस विंचरून…

संध्याकाळी तिने त्याला सायकल स्टँडच्या पत्र्याखाली गाठलं. पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता. तो सायकलचं कुलूप उघडत होता. तिला पाहून किल्ली त्याच्या हातातच राहिली.

“एवढाच त्रास होत होता तर पहिल्याच दिवशी सांगायचं,” ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक. पावसात तो जेमतेम पोचत होता. “माझी खोली जाईल. त्या पेट्या कुठे नेऊ मी? आणि तुम्ही… अर्ज सोडून मोकळे.”

“समास बरोबर होता.”

“काय?”

“चौथ्या वेळी. समास बरोबर होता तुमचा. अर्जात चूक नव्हती.” तो किल्लीशीच बोलत असल्यासारखा बोलत होता. “पुढे पाठवला असता तर तुम्हाला यायचं कारण उरलं नसतं. म्हणून… परत पाठवला.”

सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. ती बस, ती पायरी, ते मनगट.

“त्या समासापायी मी पडले.”

“माहीत आहे. पट्टी पाहिली, आणि मला माझीच लाज वाटली. नियम आहे आमच्याकडे. अर्जदाराशी ज्याचं नातं आहे त्याने अर्ज तपासू नये. त्याच दिवशी मॅडमना लिहून दिलं.”

“नातं?” तिने ओठ आवळले. “आपलं कुठलं नातं?”

“मॅडमनीही तेच विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय मला ते लिहिता येणार नाही.” आता त्याने वर पाहिलं. “म्हणून विचारतोय. लिहू का काही?”

रागावावं, रडावं की हसावं, तिला कळेना. पत्र्याच्या कडेने पाण्याची झालर लागली होती आणि तिचे शिंतोडे दोघांच्या पायांवर सारखेच उडत होते. असल्या माणसावर चिडायचं तरी कसं? चूक करतो, आणि तिचीही रीतसर नोंद करतो.

“आत्ता नाही,” शेवटी ती म्हणाली. “आत्ता हो म्हटलं तर अर्जासाठी म्हटल्यासारखं होईल. आणि नाही म्हटलं तर… ते रागापोटी होईल. निकाल लागू दे. मिळो न मिळो, त्या दिवशी मी स्वतः येऊन सांगेन. तोवर माझ्यासमोर यायचं नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

“मग मी त्या संध्याकाळी इथेच असेन,” तो म्हणाला, आणि त्या धो धो पावसात सायकल काढून निघाला. रेनकोट कॅरिअरला तसाच बांधलेला. तिच्या ओठांवर आलेलं ‘अहो, भिजाल’ तिने गिळून टाकलं. राग अजून शिल्लक होता ना.

मोठ्या मॅडमनी अर्ज दोन दिवसांत तपासला. आणि त्यांना त्रुटी आढळली. खरी, ढळढळीत. काम संपण्याची तारीख काम सुरू होण्याच्या तारखेच्या आधीची पडली होती. चार फेऱ्यांत त्याच्या नजरेतून ती कशी सुटली, असं तिने चाचरत विचारलं. मॅडम चष्मा काढून पुसू लागल्या.

“या ऑफिसात सगळ्यांत तीक्ष्ण नजर त्याची,” त्या म्हणाल्या. “तुझ्या अर्जात मात्र त्याला काही दिसेनासं झालं होतं. सोडला ते बरंच केलं त्याने.”

पुन्हा दोन बस. बाईंनी सही करता करता सगळी हकीकत काढून घेतली आणि उशीत तोंड खुपसून हसल्या. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. सह्यांची पानं स्कॅन करून चढवताना संस्थेचं पोर्टल चारदा बंद पडलं, पाचव्यांदा गेला.

मग वाट बघणं. तो शब्दाला पक्का निघाला. जिन्यात ती दिसली की वरच्या वर माघारी वळायचा. कधी कधी हरितगृहाच्या धुरकट काचेपलीकडून एक सायकल उगाचच हळू जायची. ती पाणी शिंपडत राहायची. दादाचे फोन येत राहिले. एकदा दादाने रागाने विचारलं, की त्या किड्यांसाठी जन्म काढणार का, तर ती हळूच म्हणाली, “किडे नाहीत रे ते.” आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तिने देवाकडे फेलोशिप मागितली, खोली मागितली. तिसरं मागायला मात्र तिची जीभ रेटेना, तसं देवाला सगळं दिसतंच म्हणा.

निकाल लागला तो एका ढगाळ दुपारी. यादीत तिचं नाव होतं. ती खुर्चीत बसली, उठली, परत बसली. मग वाचत खाली गेली. तीन वर्षांऐवजी एकच वर्ष मंजूर. पुढच्या वर्षासाठी नव्याने अर्ज, नवी सही, आणि तोही संशोधन कक्षाकडून तपासून.

तिने कपाळाला हात लावला. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि या खेपेला तो तपासणारही नाही. नियमच तसा. आता दर वर्षी मोठ्या मॅडमनाच त्रुटी काढाव्या लागणार, अगदी निवृत्त होईपर्यंत… आपण किती पुढचं ठरवून बसलोय हे लक्षात आलं तशी ती एकटीच लाजली.

तिने आधी बाईंना फोन केला, मग दादाला. दादा म्हणाला, बरं झालं, जेवत जा वेळेवर.

ऑफिसं सुटायची वेळ झाली. बाहेर पाऊस नव्हता, नुसती ओल होती. तिने पेट्यांची झाकणं नीट लावली, हात धुतले, ओल्या हातांनीच केस मागे सारले. वाटेत भेटलेल्या मैत्रिणीने कुठे निघालीस विचारलं, तर ‘एकाला शब्द दिलाय’ म्हणाली. आणि पायऱ्या उतरून, साचलेलं पाणी चुकवत, ती सायकल स्टँडच्या दिशेने चालू लागली.