बाईंची राहिलेली ओळ

दार ओढून घे रे. आणि तो मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर मारू नकोस, मी काही चोर नाही. लाईट येईल तेव्हा येईल. माझ्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर खुशाल उठून जा, मी अडवणार नाही.

मी छापखाना चालवायचो तेव्हाची ही गोष्ट. कलामहाविद्यालयाची माहितीपुस्तिका दरवर्षी आमच्याकडे यायची. तिच्यात संगीताच्या शिक्षकांचे परिचय असायचे. कोण कुणाकडे शिकलं, कुठे कुठे वाजवलं, कोणत्या रचना केल्या, असं सगळं. एका वर्षी घोळ झाला. गाणं शिकवणाऱ्या सरांच्या फोटोखाली बासरीवाल्या सरांचा परिचय छापला गेला, आणि दोन वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून नियम पडला. ज्याचा परिचय, त्याने तो मोठ्यानं वाचायचा आणि खाली सही करायची. सही असलेलाच कागद छापायचा.

तर तिथे व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एकतीस वर्षं शिकवलं त्यांनी. स्वभावाने कडक. पोरगं बरोबर वाजवत असलं तरी शाबासकी नाही, नुसतं "हं. पुढे." एवढंच. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक पोरगा मग तिथेच शिकवायला लागला. सगळे त्याला ज्युनिअर म्हणायचे. चार वर्षं हंगामी. वय चौतीस, घरी बायको, आणि कायम होण्याची आस लागलेली.

त्या वर्षी फेब्रुवारीत बाईंना झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. मार्चात विभागप्रमुखांनी ज्युनिअरला बोलावलं. म्हणाले, "गुरुवारी तपासणी समिती येतेय. बाईंची जागा तुला देतो. पण तुझा परिचय म्हणजे साडेतीन ओळी. त्याला काही वजन नको का?"

ज्युनिअरने रात्री बसून वजन घातलं. बाईंची रेडिओवरची वर्षं घेतली, अकरा देशांतले कार्यक्रम घेतले, दोन्ही रचना घेतल्या. एकतीस वर्षांची चौदा केली, नाहीतर साहेब वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिकवत होते असं झालं असतं. हसा, हसा. मीही हसलो होतो. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसलो, कारण गिऱ्हाईक तोडायची माझी हिंमत नव्हती.

आता बाईंचा राजीनामा हवा होता. अकरा मार्च, मंगळवार. दुपारी तो इस्पितळात गेला. बाईंच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "बाई, तुमचा परिचय आणलाय. नियमाप्रमाणे मी वाचतो, तुम्ही सही करा." आणि त्याने त्यांचं सगळं आयुष्य त्यांना वाचून दाखवलं. एकेक ओळ. बाईंचे डोळे भरून आले. मग त्याने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी उजव्या हाताने सही केली. तो कागद राजीनाम्याचा होता.

सही झाल्यावर बाई उजव्या हाताने आपली डावी बोटं दाखवायला लागल्या. निर्जीव झालेली ती चार बोटं. पुन्हा पुन्हा तेच. ज्युनिअरला हसू आलं.

"बोटं गेली, ती ओळ राहिली का, बाई? बरं, तीही घेतो."

असं बोलला तो, मला नंतर त्यानेच सांगितलं. ज्यांनी त्याची बोटं धरून तारेवर ठेवली, त्या बाईंना.

संध्याकाळी पाच वाजता मी त्याच्या परिचयाचा कागद काढून दिला. रात्री बाराच्या आत सही करून आणायचा होता. दिवसा सगळ्यांसमोर वाचायची सोय नव्हती, म्हणून तो रात्री अकराला महाविद्यालयात गेला. खाली रेडिओ लावून बसलेल्या पहाऱ्यावरच्या माणसाने दार उघडून दिलं. वरच्या मजल्यावर संगीताची खोली, तिला लागून सरावाची छोटी खोली. तिचं दार बंद. न वाचता सही केली असती तरी कोण विचारणार होतं? पण त्याला ते ऐकायचं होतं, स्वतःच्या तोंडून. त्याने डाव्या हातात कागद धरला, घसा खाकरला आणि पहिली ओळ वाचली.

"हं. पुढे."

बंद दाराआडून आलं. तो थांबला. पाइपातलं पाणी असेल, असं म्हणाला मनाशी. दुसरी ओळ वाचली.

"हं. पुढे."

आता त्याला पळायचं होतं. पण पाय हलेनात आणि तोंड थांबेना. रेडिओ... हं, पुढे. अकरा देश... हं, पुढे. दोन रचना...

"हं."

संपलं. त्याने घाईघाईने सही केली. खोलीत काही आवाज नाही. पहाऱ्यावरच्याचा रेडिओही बंद.

"...पुढे."

"संपलं, बाई," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं. "पुढे काही नाही..."

"पुढे."

त्याने खाली पाहिलं. सहीच्या वर एक ओळ होती. मघाशी नव्हती. ती त्याला वाचायची नव्हती. त्याने ओठ दाबून धरले.

तरी वाचली. मोठ्यानं.

बाई गेल्या त्या अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. इस्पितळातून विभागप्रमुखांना फोन आला, त्यांनी याला केला. म्हणाले, "सुटल्या बिचाऱ्या. आता तुझं काम पक्कं."

बाराला पाच कमी असताना तो माझ्याकडे आला. कागद डाव्या मुठीत. मूठ उघडेना. मी एकेक बोट धरून सोडवलं. बर्फ, बर्फ होती बोटं. सोडलं की तशीच लोंबायची.

"काका," तो माझ्या पाया पडला, "ती शेवटची ओळ काढा हो."

मी वाचलं. 'शेवटी डाव्या हाताची चारही बोटं गेली.' खाली त्याची सही.

"सही तुझीच ना?"

"हो, पण..."

"मग छापावं लागेल," म्हणालो. आणि छापलं. मला दया आली नाही. अजून येत नाही.

तो कायम झाला. व्हायोलिनचा शिक्षक. आज इतकी वर्षं झाली, तारेला बोट लावता येत नाही त्याला.

पण छापण्याआधी मी कॉम्प्युटरवरची फाइल उघडली होती. पाच वाजता मी त्याच फाइलवरून कागद काढला होता. तीनदा पाहिलं. फाइल दोन रचनांपाशी संपत होती. पुढे काहीही नव्हतं. ती ओळ मला स्वतःला टाइप करावी लागली.

कागद अजून आहे माझ्याकडे, त्या कपाटात. अक्षरं आमच्याच मशीनची आहेत. आणू का?

...नको? बरं, राहू दे.