कागदाची आई

"क्लेटसकाका, आधी ती चप्पल खाली ठेवा," पुओया धान्याच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. "यानेच चावलं, हे तुम्ही पाहिलंत का?"

"पाहायला कशाला हवं? पोरीची मान बघ."

पुओयाच्या धाकट्या बहिणीच्या, छोट्या आयुओच्या मानेवर भाजल्यासारखा लाल पट्टा उठला होता आणि त्यावर बारीक फोड आले होते. रडून रडून ती दमली होती. तिच्या चटईच्या वर, भिंतीला चिकटून, तो कोळी बसला होता. पंजाएवढा, करडा, ठिपक्याठिपक्यांचा आणि अगदी चपटा. असला कोळी घरात कोणी कधी पाहिला नव्हता.

"उद्या सकाळी कपाशीचं औषध सगळ्या खोल्यांत फवारतो," काकांनी जाहीर केलं. एकदा जाहीर केलं की पुढे विचार करायची गरज काकांना वाटत नसे.

अंगणात वाद्य दुरुस्त करणाऱ्या आजोबांच्या हातातला भोपळा थांबला. त्यांचे वारलेले मित्र तेंगान आजोबा यांच्या निरोपाची शेवटची बैठक परवावर आली होती आणि तिथे आजोबांना जील, हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवायचं होतं. जीलच्या प्रत्येक लाकडी पट्टीखाली भोपळा असतो, भोपळ्याला भोकं असतात आणि भोकांवर मातीच्या भिंतीवरून सोडवलेला कोळ्याने विणलेला गोल पांढरा कागद चिकटवतात. त्या कागदामुळेच जील घुमतं. जुने कागद फाटले होते. नवे मिळेनात, कारण उन्हाळ्यात काकांनी हौसेने सगळ्या भिंती खरवडून रंगवल्या होत्या. राहिली होती ही एकच खोली, आणि तिच्या दिसत्या भिंतींवर कागद नव्हता.

"तेंगानने जन्मभर माझ्या शेजारी बसून वाजवलं," आजोबा म्हणाले. "जीलच्या आवाजावरच आत्मा वाटेला लागतो. त्याला मुक्या जीलवर कसा पाठवू?"

"पण तो कागद करतो कुठला कोळी?" कुमासी शहरातून सुट्टीला आलेल्या मावसबहिणीने, इमेल्दाने विचारलं.

ते आजोबांनाही माहीत नव्हतं.

"असेल कुठलातरी," काका म्हणाले. "आम्ही कागद काढतो. कोळी कशाला बघत बसू?"

"मग आज आपण बघू," पुओया धाकट्या भावाच्या, बायोरच्या कानात पुटपुटली. बायोरने मोठी प्लॅस्टिकची बरणी आणली, बुडाला भोकं पाडली आणि कोळ्यावर अलगद उपडी दाबली. कडेने ओली माती लिंपून टाकली.

"कैदी कोठडीत," तो म्हणाला. "पण ताई, खरंच विषारी निघाला तर?"

"तर काकांना चप्पल मी स्वतः आणून देईन."

इतक्यात इमेल्दाने बाही वर सरकवली. तिच्या मनगटावरही तसाच लाल पट्टा होता.

"अगं, बोलली का नाहीस? तू तर पलीकडच्या खोलीत झोपतेस!"

"तुम्ही म्हणाला असता, शहरातली पोर नाजूक."

"ते तर आम्ही म्हणतोच," बायोर म्हणाला.

पुओयाचा संशय आता दुसरीकडेच धावू लागला. काल संध्याकाळी इमेल्दा आणि आयुओ, दोघीच दिव्याखाली खेळत बसल्या होत्या. "दोघींच्या अंगावर काहीतरी वळवळलं होतं," इमेल्दाला आठवलं. "मी चोळून पुसून टाकलं."

त्या संध्याकाळी तिघं दिव्याखाली दबा धरून बसली. थोड्या वेळाने मुंगीसारखा बारीक, लांबट किडा आला. थोडा लाल, थोडा काळा. दिव्याभोवती फिरून तो थेट जवळच बसलेल्या क्लेटसकाकांच्या मानेवर उतरला.

"काका, चिरडू नका, फुंकर मारून उडवा," पुओया ओरडली.

"किडे कसे मारायचे ते आता तुमच्याकडून शिकू?" काकांनी फाडकन मान चोळली.

सकाळी काका मान वाकडी करून उठले. अंगणात मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाच्या मानेवर लाल पट्टा आणि फोड!

"काका, कैदी रात्रभर आतच होता," बायोर गंभीरपणे म्हणाला. "मातीला तडासुद्धा नाही. रात्री मानेवर किडा चिरडलात ना, त्याच्याच रसाने भाजलं."

"दुसरा कोळी असेल," काका म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"आजोबा, लवकर या!" पुओयाने आतून हाक मारली.

बरणीच्या आत, भिंतीवर, एक गोल पांढरा कागद चिकटला होता. कोळीण त्यावर पाय पसरून बसली होती.

आजोबा खाली वाकले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "हिला हलवू नका रे," ते हलकेच म्हणाले. "अंडी राखतेय. ही कागदाची आई."

"आजोबा, ती राहते इथे, म्हणजे तिचे जुने कागदही इथेच असणार," पुओया म्हणाली.

तिघांनी धान्याचे मोठे रांजण रेटून बाजूला केले. मागच्या भिंतीवर, जिथे काकांचा रंगाचा ब्रश पोचला नव्हता, पिल्लं निघून गेल्यावर उरलेले रिकामे कागद ओळीने चिकटलेले होते.

काकांनी फवारणीचा पंप उचलला. "हा शेतात ठेवून येतो," ते म्हणाले. "आणि पोरांनो, जाहीर करायच्या आधी मी तुम्हाला विचारत जाईन."

आजोबांनी पुओयाच्या डोक्यावर हात ठेवला. "कागद काढायला मला बापाने शिकवलं. तो करतं कोण, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. ते तुम्ही केलंत."

तेंगान आजोबांच्या अंगणात गाव जमलं होतं. ते गेल्यापासून त्यांची बायको तशीच बसून होती, डोळे कोरडे, कोणाशी बोलणं नाही. आजोबांनी पहिली पट्टी वाजवली. जील गुणगुणलं, मग भरभरून घुमू लागलं. म्हातारीने मान वर केली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"हाच आवाज," ती म्हणाली. "आता जाऊ दे त्यांना."

पुओयालाही रडू आवरलं नाही.