ग्लोव्ह्जना फुलांचा वास

"अरे, इकडे या! दादाच्या ग्लोव्ह्जना चांगला वास येतोय!" चिमी पलंगाखालून ओरडली.

"चांगला?" लंबूने नाक मुरडलं. "त्यांना तर मेल्या उंदराचा वास असतो!"

"तेच तर म्हणतेय मी!"

सुट्टी लागली होती, पण खेळायला जायचा उत्साह कुणाला होता? आशियाई क्लब अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात, अगदी शेवटी, एक साधा चेंडू चिमीच्या गोलकीपर दादाच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला होता आणि क्लब हरला होता. निसरड्या हातांचा म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'लोणी' ठेवलं. क्लबने त्याला घरी बसवलं. "आता खेळणारच नाही," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि चिमीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दादा ग्लोव्ह्ज स्वतः धुवायचा, नुसत्या पाण्याने. आईलासुद्धा हात लावू द्यायचा नाही. मग हा फुलांचा वास आला कुठून?

चिमी, लंबू आणि त्यांचा मित्र चष्मिस अशा तिघांनी ग्लोव्ह्ज घेऊन थेट क्लबची धुलाईखोली गाठली. मशीनशेजारच्या निळ्या कॅनचं झाकण उघडून चष्मिसने हुंगलं. "हाच तो वास! कपडे मऊ करायचं औषध! त्यानेच ग्लोव्ह्ज गुळगुळीत झाले असणार!"

"सामना टीव्हीवर दिसणार म्हणून व्यवस्थापकसाहेबांनी सगळं सामान मशीनमध्ये टाकायला लावलं," धुलाईवाले काका म्हणाले. "ग्लोव्ह्जसुद्धा."

साहेब मैदानावरच होते. पोरांनी सगळं सांगितलं, तर ते खो खो हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"मग तुम्हीच घाला ना हे ग्लोव्ह्ज, साहेब," चिमी अगदी साळसूदपणे म्हणाली. "लंबू हळूच मारेल."

क्लबचे अध्यक्ष आणि प्रशिक्षक बघत होते, नाही कसं म्हणणार? साहेबांनी ऐटीत दादाचे ग्लोव्ह्ज चढवले. पहिला चेंडू हातांतून सुळकन निसटला आणि थेट नाकावर! दुसरा पोटावर! मग प्रशिक्षकांनी मशीनमध्ये न धुतलेले दुसरे ग्लोव्ह्ज घालून पाहिले. त्यांच्या हातून एकही चेंडू सुटला नाही. साहेबांची मान खाली गेली.

"शाब्बास पोरांनो!" अध्यक्ष म्हणाले. "आम्ही मोठ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं." त्याच संध्याकाळी त्यांनी घरी येऊन दादाची माफी मागितली, त्याला परत बोलावलं.

चिमीला वाटलं होतं, दादा आनंदाने उडी मारेल. तो ढसाढसा रडला.

"सामन्याआधीच्या सरावातच हात घसरत होते गं. मला वाटलं, मी घाबरलोय."

"पण तुझी चूक नव्हती, दादा!"

"नव्हती. पण तो सामना पुन्हा थोडाच होणार आहे?"

अंतिम सामना त्यांनी घरीच पाहिला. दादाच्या जागी दुसऱ्याच क्लबचा गोलकीपर उभा होता. तिकडे चेंडू जाळ्याकडे सुटला, की इकडे मांडीवरचे दादाचे रिकामे हात आपोआप मिटायचे. चिमीने त्यातला एक घट्ट धरून ठेवला.