सावकाश उतरा

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधे अडकली आणि मी आतून ओरडले, "अहो, कोणी आहे का?"

वरून खुदकन हसू आलं. "आवाज ओळखीचा वाटतोय! 'सावकाश उतरा'वाल्या बाई तुम्हीच ना?"

मीच. पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात मी फोन घेते. लिफ्ट बसवली तेव्हा इमारतीच्या मालकांनी माझाच आवाज भरून घेतला होता. वरून हसणारा लिफ्टचा मेकॅनिक होता; त्याने दार उघडून हात पुढे केला. ग्रीसने काळा झालेला... तरी मी धरला.

"चार वर्षं दर दुरुस्तीला तुमचं ऐकतोय," तो म्हणाला. "आईचंही एवढं ऐकत नाही."

"मग आता हात सोडा की!"

सोडला – पण सावकाश. मेला!

त्यानंतर आमची लिफ्ट फारच बिघडू लागली.

मग त्याच्या कंपनीचा कागद आला. नव्या यंत्रांची पुस्तकं इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. नापास झालेल्याला नारळ. "पास झालो की तुझ्या बाबांना भेटायला येतो," तो म्हणाला. मी रोज त्याला शिकवायला बसले. नुसत्या घरघरीवरून कुठलं बेअरिंग झिजलंय ते सांगणारा माणूस, पण कागद समोर आला की त्याला घाम फुटायचा.

"पालथ्या घड्यावर पाणी गं..."

मी चिडून त्याचे केस विस्कटायचे. वाटायचं, मायेने शिकवलं की येईल. नाही आलं.

नापास झाला. शेवटचं काम म्हणून कंपनीने त्यालाच लिफ्टमधला माझा आवाज काढून टाकायला लावला. तिथे इंग्रजी बोलणाऱ्या बाईचा आवाज बसवायचा होता. मालकांनी माझीही चाचणी घेतली होती. उच्चार गावठी, म्हणे.

माझा आवाज असलेलं नखाएवढं कार्ड त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. "मामाच्या पंपांच्या दुकानात चाललोय."

"मीही येते –"

"आवडतेस गं... पहिल्या दिवसापासून. पण तुझ्या बाबांसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?"

मी भांडले, रडले. तो गेला तो गेलाच. आता फोनही उचलत नाही.

काल पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. ती बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "सावकाश उतरा."

शेजारच्या मुलीने कानातला इयरफोन काढला. "सॉरी?"

"नथिंग," मी म्हणाले.